विश्लेषण : टर्बो गाडीचा डाउनपाइप ‘कॅट’सह की ‘कॅटलेस’? ताकद किती वाढते, किंमत कोण मोजतो?

दहा-बारा लाखांत टर्बो पेट्रोल गाडी मिळू लागली, तसा इंजिन ‘ट्यून’ करून घेण्याचा छंद महागड्या गाड्यांच्या गॅरेजमधून थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरला. लॅपटॉप जोडून इंजिनच्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलले की झाले ‘स्टेज वन’. त्यावर मन भरले नाही की ‘स्टेज टू’. या दुसऱ्या पायरीवर गाडीमालकापुढे एक प्रश्न येतो : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेला डाउनपाइप बसवायचा, की कन्व्हर्टर पूर्ण काढून टाकलेला ‘कॅटलेस’? दुसरा पर्याय स्वस्त, त्याचा आवाज दणदणीत आणि डायनोच्या कागदावर आकडाही थोडा मोठा. मात्र त्या आकड्यासोबत कायदा, वॉरंटी आणि मागे चालणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेबही येतो.

डाउनपाइप म्हणजे नेमका कोणता भाग?

इंजिनमधून निघणारा तप्त धूर टर्बोच्या टर्बाइनचे पाते फिरवतो. लहान टर्बोंमध्ये ही गती मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जाते. टर्बाइनमधून बाहेर पडलेला धूर गाडीच्या पोटाखालच्या सायलेन्सरपर्यंत नेणारा पहिला पाइप म्हणजे डाउनपाइप. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’, याच पाइपच्या तोंडाशी, टर्बोला जवळजवळ चिकटून असतो. म्हणून डाउनपाइप बदलणे म्हणजे व्यवहारात कॅट बदलणे किंवा काढणे.

कॅट करतो काय?

आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. सिरॅमिकच्या किंवा धातूच्या या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते, न जळलेल्या हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते आणि नायट्रोजन ऑक्साइडमधून निरुपद्रवी नायट्रोजन वेगळा होतो. तीन कामे एकाच वेळी करायची असल्याने हवा आणि पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखावे लागते आणि जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापावी लागते. त्याआधी कॅट असून नसल्यासारखा. टर्बोच्या तोंडाशी त्याची जागा ठरते ती यामुळेच : सकाळी गाडी सुरू केल्यावर तो लवकरात लवकर तापावा.

भारतात ही वस्तू तशी जुनी आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. शिसे या धातूंच्या थराला निकामी करते, म्हणून त्याच सुमारास शिसेमुक्त पेट्रोलही आले.

काढल्यावर ताकद का वाढते? आणि किती?

टर्बाइन फिरते ते तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातील फरकावर. पाइपात अडथळा असेल तर मागे दाब साठतो, फरक कमी होतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. अडथळा काढला की टर्बो कमी आरपीएमवर बूस्ट देऊ लागतो, वरच्या आरपीएमवर इंजिनला श्वास सोडायला जागा मिळते. साध्या, बिनटर्बो इंजिनपेक्षा टर्बो इंजिनात या बदलाचा परिणाम ठळक जाणवतो तो म्हणून. इथपर्यंत ट्यूनर सांगतात ते खरेच आहे.

पुढचा भाग मात्र विक्रीच्या वेळी फारसा सांगितला जात नाही. आधुनिक ईसीयू किती टॉर्क द्यायचा हे आधी ठरवते आणि त्यानुसार बूस्टचे लक्ष्य बांधते. नुसता पाइप बदलला तर टर्बो ते लक्ष्य थोडे लवकर गाठतो. त्यानंतर वेस्टगेट उघडते आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. म्हणजे सॉफ्टवेअर न बदलता टाकलेल्या डाउनपाइपमधून मिळतो मुख्यतः आवाज. खरी वाढ येते ती बूस्टचे लक्ष्य वाढवणाऱ्या रिमॅपमधून, आणि पाइप त्या रिमॅपला जागा करून देतो.

मग कॅटसह पाइप आणि कॅटलेस पाइप यांत फरक किती? मोठ्या टर्बोच्या, चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत तो जाणवण्याइतका असू शकतो. आपल्याकडच्या एक लिटर किंवा दीड लिटरच्या इंजिनात चांगल्या प्रतीच्या कॅटसमोर तो बहुधा मोजक्या हॉर्सपॉवरचा असतो. मे महिन्यातल्या दुपारी इंजिनात जाणारी हवा तापली की तेवढी ताकद तशीही जाते.

शिवाय गाडीतला सर्वात कमकुवत दुवा अनेकदा एक्झॉस्टमध्ये नसतोच. स्लाव्हिया, व्हर्टस, कुशाक आणि टायगुनमधील १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची नेमलेली क्षमताही २५० न्यूटन मीटरच. कंपनीतून निघालेली गाडी जिथे गिअरबॉक्सच्या उंबरठ्यावर उभी आहे, तिथे पाइप मोकळा करून मिळवलेला जादा टॉर्क आधी क्लचच्या वाट्याला येतो.

‘हाय-फ्लो कॅट’ हा मधला मार्ग आहे का?

आहे, पण खाचखळग्यांचा. मूळ कॅटच्या जाळीत दर चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० किंवा त्याहून जास्त छिद्रे असतात. हाय-फ्लो किंवा ‘स्पोर्ट्स कॅट’मध्ये ती २०० किंवा ३०० असतात आणि जाळी धातूची असते. छिद्रे मोठी, अडथळा कमी. पण धूर ज्याला स्पर्श करतो ते पृष्ठफळही कमी. त्यावर मौल्यवान धातू किती चढवला आहे हे डोळ्यांनी कळत नाही. मार्च २०२१ मध्ये रोडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता, हे लक्षात घेतले की अगदी स्वस्तात मिळणाऱ्या ‘२०० सेल’ पाइपमध्ये काय नसणार याचा अंदाज येतो. (त्याच कारणाने, काढलेला मूळ कॅट गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. भंगार म्हणूनही त्याला चांगली किंमत असते.)

दुसरी अडचण जागेची. अनेक स्पोर्ट्स पाइपांत कॅट टर्बोपासून खाली सरकवलेला असतो. तो उशिरा तापतो. घर ते ऑफिस पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडीचा मोठा धूर पहिल्या एक-दोन मिनिटांतच निघतो, आणि नेमक्या त्याच वेळी हा कॅट थंड असतो. महामार्गावर बरा वागणारा पाइप शहरात निराश करू शकतो. तरीही कॅटलेसशी तुलना केली तर साधारण दर्जाचा कॅटही कितीतरी उजवा ठरतो.

कॅटलेस गाडी किती जास्त प्रदूषण करते?

हिशेब सोपा आहे. तापलेला, धडधाकट कॅट ९० टक्क्यांहून जास्त घातक वायू निकामी करतो. शंभरातले ९० थांबत असतील तर बाहेर १० पडतात. कॅट काढला की शंभर. म्हणजे दहापट. कॅट ९५ टक्के काम करत असेल तर वीसपट. बीएस-६ निकषांत पेट्रोल कारला दर किलोमीटरला १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, ०.१ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड एवढीच मुभा आहे. या मर्यादा कॅट गृहीत धरूनच आखल्या आहेत; त्याच्याविना त्या पाळणे आजच्या पेट्रोल इंजिनाला शक्य नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कॅटलेस गाडीमागे जो उग्र, डोळे चुरचुरणारा वास येतो तो न जळलेल्या हायड्रोकार्बनचा, आणि त्यात कर्करोगकारक बेन्झिनही असते. उघड्या रस्त्यावर हा धूर विरतो. बेसमेंट पार्किंगमध्ये विरत नाही. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटे ‘गरम’ करत उभी असलेली कॅटलेस गाडी, आणि शेजारी स्कूल व्हॅनची वाट पाहणारी मुले, हे दृश्य मोठ्या सोसायट्यांना नवे नाही. सिग्नलला खिडकी उघडी असेल तर तोच वास मालकाच्या केबिनमध्येही येतो. कॅटलेसवरून पुन्हा कॅटकडे वळणारे अनेक जण या वासालाच कंटाळलेले असतात.

‘चेक इंजिन’चा दिवा का लागतो?

कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कॅट काम करत असेल तर दुसऱ्या सेन्सरचा आलेख शांत राहतो. कॅट नसेल तर तो पहिल्यासारखाच वरखाली नाचू लागतो, ईसीयू ‘पी०४२०’ हा दोष नोंदवते आणि दिवा पेटतो. यावर गॅरेजमध्ये दोन तोडगे निघतात : सेन्सर धुराच्या प्रवाहापासून दूर नेणारा छोटा स्पेसर लावणे, किंवा रिमॅपमध्ये ती तपासणीच बंद करणे. दोन्हींत दिवा विझतो, धूर तेवढाच राहतो. आणि उद्या खरोखर इंजिनात बिघाड होऊन धूर वाढला, तर तो सांगणारी यंत्रणाही आंधळी झालेली असते.

पीयूसीत पकडले जाते का?

नेहमीच नाही, आणि यात चाचणीची मर्यादा आहे. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी उभ्या गाडीत होते. बीएस-४ आणि बीएस-६ कारसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. प्रामाणिकपणे नळी लावली तर कॅटलेस गाडी इथे अडकण्याचीच शक्यता जास्त. पण नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाही, आणि ट्यून केलेले इंजिन जोर लावताना काय सोडते हे उभ्या गाडीत कळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नव्या मॉडेलची प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी द्यावी लागते. गाडी विकली गेल्यावर मात्र मालकाची परीक्षा पुन्हा त्या जुन्याच नळीवर येते. नळी न लावताच प्रमाणपत्र हातात देणारे केंद्र भेटले, तर तेवढीही नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. आरसीवर पाइपाचा उल्लेख कुठे असतो, असा युक्तिवाद ट्यूनिंगच्या वर्तुळात ऐकू येतो. पाइपाचा नसतो, उत्सर्जन निकषाचा असतो. आरसीवर ‘भारत स्टेज ६’ लिहिलेली गाडी कॅट काढल्यावर त्या निकषात उरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही कडक झाली. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवा व ध्वनी प्रदूषणाच्या निकषांचा भंग केल्यास कलम १९० अंतर्गत पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. प्रत्यक्षात पोलिसांची कारवाई आवाजावर होते, तीही मुख्यतः बुलेटच्या सायलेन्सरवर. रोडरोलरखाली चिरडलेले सायलेन्सर सगळ्यांनी पाहिलेत. बोनेटखाली दडलेल्या डाउनपाइपपर्यंत रस्त्यावरचा हवालदार पोहोचत नाही. म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

पाइपच्या खोक्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असे लिहिलेले असते. ही सोय अमेरिकेतून आली. तिथल्या ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार उत्सर्जन नियंत्रक भाग काढणे बेकायदा आहे, आणि असे भाग विकणाऱ्यांवर तेथील पर्यावरण संस्था ईपीएने २०२० पासून विशेष मोहीम चालवली. कॅलिफोर्नियात बदली भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. आपल्याकडे निव्वळ ट्रॅकसाठी ठेवलेल्या, ट्रेलरवर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या गाडीला कॅटलेस पाइप शोभतो. रोज कात्रज किंवा ठाण्याच्या कोंडीत उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही.

वॉरंटी, विमा आणि जुनी गाडी घेणारा

बदललेला ईसीयू कंपनीच्या स्कॅनरला ओळखता येतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अशी गाडी सर्व्हिस सेंटरला जोडली गेली की ‘टीडी१’ ही खूण तिच्या नोंदीत बसू शकते, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा वाद तिथून सुरू होतो. मूळ पाइप आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही ती खूण पुसली जाईलच असे नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदलही दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो.

यात सर्वाधिक फसतो तो तीन-चार वर्षांनी हीच गाडी विकत घेणारा. मालकाने ‘स्टेज टू’बद्दल सांगितले नसेल तर काही खुणा पाहता येतात. थंड इंजिन सुरू करून मागे उभे राहावे. कॅट तापण्याआधी वास कोणत्याही गाडीला येतो, पण दहा मिनिटे फिरवून आणल्यावरही तो उग्र असेल तर शंका घ्यावी. लिफ्टवर गाडी चढवून दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर आहे का ते पाहावे, डाउनपाइपवर कंपनीचा भाग क्रमांक आहे की नव्या वेल्डिंगचे चकचकीत स्टील, हे तपासावे. साध्या ओबीडी स्कॅनरवर कॅटॅलिस्टची तपासणी ‘उपलब्ध नाही’ किंवा सतत ‘अपूर्ण’ दिसत असेल, तर भाव ठरवण्याआधी मूळ पाइप कुठे आहे ते विचारावे. तो मालकाकडे नसेल, तर नव्या कॅटची किंमत शोरूममधून काढून तेवढी रक्कम सौद्यातून वजा करावी.