भिंतीवर काय टांगावे?

आमच्या पुण्यात एक मेक्सिकन हॉटेल आहे. त्याच्या भिंतींवर भल्या रुंद काठाच्या टोप्या टांगल्या आहेत, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा निवडुंग उभा आहे आणि दाराशी एक मिशाळ गडी गिटार वाजवतो आहे, अर्थात चित्रातला. त्यामुळे गेल्या ऑगस्टात धाकट्या भावाकडे मेक्सिको सिटीला निघालो तेव्हा माझी समजूत अशी, की आपण आता टोप्यांच्या माहेरीच चाललो आहोत. निघताना आईने भाजणीचा डबा हातात दिला आणि हळूच सांगितले, "परत कधी येणार आहे, तेवढे विचारून ये. मी विचारले म्हणून सांगू नकोस."

दुसऱ्याच दिवशी श्रीधर मला जेवायला घेऊन गेला. हॉटेलचे नाव कोन्त्रामार. गाब्रिएला कामारा या बाईंनी रोमा नावाच्या वस्तीत ते १९९८ साली काढले. समुद्रकाठी झापांच्या छपराखाली मासळीच्या खाणावळी असतात, तसे मोकळेपण त्यांना राजधानीत आणायचे होते. आत शिरताच मी टोप्या शोधू लागलो. एकही नाही! निवडुंग नाही, गिटार नाही. उंच छताला विणलेल्या चटया, टेबलांवर पांढरी स्वच्छ कापडे आणि भर दुपारचा लख्ख उजेड. गलका मात्र असा, की आपल्याकडच्या लग्नाची तिसरी पंगत बरी! आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत घरेच्या घरे जेवायला लोटलेली.

"अरे, यात मेक्सिकन काय आहे?" मी विचारले.

श्रीधर हसला. "दादा, पुण्यातल्या खाणावळीत भिंतीवर नथ आणि तुतारी टांगतात का? ती टांगायची न्यूजर्सीत."

मी निरुत्तर झालो. एवढ्यात मासा आला. मधोमध उलगडून भाजलेला. एका अंगाला तांबड्या मिरचीचा लेप, दुसऱ्या अंगाला हिरवी चटणी. त्या तांबड्या अंगाने डोळ्यांत पाणी आणले आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. त्यात नवल कसले? मिरची आपल्याकडे आली ती अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा तिकडचाच. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथले लोक आपल्या पितरांसाठी त्याच फुलांच्या आराशी मांडतात.

जेवण आटोपले, ताटे उचलली गेली. पण बिल काही येईना. मी माना वळवू लागलो तसे श्रीधर म्हणाला, "मागितल्याशिवाय ते आणणार नाहीत. आपण होऊन बिल आणले तर पाहुण्याला उठा म्हटल्यासारखे होते." जेवणानंतर टेबलाशी तसेच रेंगाळत बोलत बसायचे, याला त्यांच्या भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे: सोब्रेमेसा. मी पडलो मराठीचा मास्तर. मला हेवाच वाटला. हात वाळेपर्यंत पानावर आपणही बसतो, पण त्या बसण्याला आपण नाव कुठे दिले?

आईचा प्रश्न विचारायला याहून बरी वेळ नव्हती. पण जीभ रेटेना. बिल मागितले की दुपार संपेल, आणि प्रश्न विचारला की गप्पा संपतील, अशी काहीशी भीती वाटली. शेवटी मी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने मला तिथल्या शिक्षणखात्याच्या इमारतीत नेले. तिथे दिएगो रिव्हेराने १९२८ साली पुरी केलेली भित्तिचित्रे आहेत. एका चित्रात माणसे टेबलाभोवती जमली आहेत आणि मध्ये बसलेला पुरुष भाकरी मोडतो आहे. हे आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! क्रांतिकार्यासाठी देश सोडलेला हा माणूस मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर संशोधन करीत राहिला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवीत राहिला. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतला आणि १९६७ साली नागपुरात वारला. श्रीधर बराच वेळ त्या चित्रापुढे उभा होता. "परतले ना पण शेवटी," मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

रात्री त्याच्या खोलीत आडवा झालो तेव्हा नजर वर गेली. खिडकीशी एक आकाशकंदील टांगलेला होता, ऑगस्टात! मुंबईच्या त्याच्या खोलीत कधी कॅलेंडरही नव्हते. मला दुपारची तुतारी आठवली आणि मनातल्या मनात मी सुखावलो. न विचारताच उत्तर मिळाले होते. पोरगा मनाने घरीच आहे!

पुण्यास आल्यावर हा सिद्धान्त मी आईपुढे मोठ्या रंगात मांडला. ती वाती वळत होती. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "खिळा ठोकून टांगलाय का रे?"

"हो."

"मग इतक्यात येत नाही तो. ज्याला लवकर निघायचे असते तो भिंतीला खिळा ठोकत नाही."

माझी पंचवीस वर्षांची विद्या त्या खिळ्यावर लटकत राहिली. आई वाती वळत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ऊन लागून त्याचा कागद विटला असेल. दिवाळीआधी एक नवा पाठवून दे."

मी पाठवला. सोबत तिच्या सांगण्यावरून चार खिळेही ठेवले.