पिल्लाचे आजारपण आणि ‘नैसर्गिक’ उपचारांचा मोह

पावसाळा सुरू झाला, की शहरांतील पशुवैद्यांच्या दवाखान्यांबाहेर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. टॉवेलमध्ये गुंडाळलेले, मान टाकलेले कुत्र्याचे पिल्लू. त्याला मांडीवर घेऊन बसलेली शाळकरी मुलगी. आणि लसीकरणाचे कार्ड हातात धरून ‘एक लस तर झाली आहे’ असे जो भेटेल त्याला सांगणारे तिचे वडील. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतील एका कुटुंबावर ही पाळी आली. त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसण्याचा योग आला नसता, तर या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले नसते.

मोबाइलवरील जाहिरात पाहून त्यांनी शहराच्या कडेला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमधून लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणले होते. विकणाऱ्याने वय ‘दोन महिने’ सांगितले. (दात आणि वजन पाहून पशुवैद्यांनी नंतर ते जेमतेम पाच-साडेपाच आठवड्यांचे असल्याचा अंदाज वर्तविला.) मुलीने नाव ठेवले सिंबा. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी दुर्गंधीयुक्त जुलाब. दवाखान्यात तोबा गर्दी. डॉक्टरांनी चार-पाच मिनिटांत तपासून इंजेक्शने दिली, ‘पार्व्हो असू शकतो, टेस्ट करा, अॅडमिट करावे लागेल’ असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. निदान अचूक होते, सल्लाही योग्य होता. परंतु भांबावलेल्या त्या कुटुंबाच्या हाती बाहेर पडताना पडले ते केवळ काही हजारांचा अंदाजे खर्च आणि एक न कळलेला शब्द.

त्या रात्री कोणीतरी ‘होलिस्टिक’ पद्धतीने प्राण्यांवर उपचार करणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक दिला. ही व्यक्ती पशुवैद्य नव्हती. पण तिने फोनवर चाळीस मिनिटे शांतपणे सगळे ऐकून घेतले. पिल्लू काय खाते, कुठे झोपते, आईपासून कधी तुटले, घरात भांडणे होतात का, असे सारे विचारले. मग होमिओपॅथीच्या गोळ्या, डाळिंबाच्या सालीचा काढा, चिमूटभर हळद असा उपाय सांगितला आणि सलाइन, अँटिबायोटिक यांनी कोवळ्या जिवाची प्रतिकारशक्ती मरते, असा इशाराही दिला. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी शौचातून रक्त पडू लागले, तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात धाव घ्यावी लागली. पाच दिवस सलाइनवर राहून सिंबा वाचला. रुग्णालयातील डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता, तर सारे संपलेच होते.

ही कथा ऐकून ‘लोक अडाणी आहेत’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण हे कुटुंब सुशिक्षित. वडील अभियंता, आई शिक्षिका. मग असे का व्हावे?

आधी आजाराविषयी. कुत्र्यांमधील पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो आतड्याच्या आतील अस्तराच्या, सतत नव्याने तयार होणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, तसेच अस्थिमज्जेवरही. अस्तर गळून पडले, की शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात, आतड्यातील जिवाणू रक्तात शिरतात आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी घटलेल्या असतात. या विषाणूला मारणारे सर्वत्र उपलब्ध असे औषध नाही. उपचार म्हणजे पाणी, क्षार, उलटी थांबविणारी औषधे आणि जिवाणूंना रोखणारी अँटिबायोटिक यांच्या आधाराने शरीराला चार-पाच दिवस तगवून धरणे. हा आधार वेळेवर मिळाला तर बहुतेक पिल्ले वाचतात, न मिळाल्यास बहुतेक दगावतात. एखाद-दीड किलो वजनाच्या जिवात किती पाण्याचा साठा असणार? मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ‘एक दिवस वाट पाहू’ हा सल्ला कधी कधी शहाणपणाचा ठरतो. पिल्लाच्या बाबतीत तो एक दिवसच निर्णायक असतो.

‘एक लस झाली आहे’ या वाक्यातील दिलासाही फसवा असतो. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिद्रव्ये काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती केव्हा ओसरतील, हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. मधल्या काळात अशी एक फट पडते, की आईचे संरक्षण विषाणूला अडविण्याइतके उरलेले नसते, मात्र लसीला अडविण्याइतके असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या शेजाऱ्यांना ती पाच मिनिटे कोणी दिली नव्हती.

खरी मेख येथे आहे. पर्यायी उपचारांकडे वळणारे पालक विज्ञानावर रागावलेले असतात असे नाही. बहुतेक वेळा त्यांना कोणी ऐकूनच घेतलेले नसते. आपल्याकडील पशुवैद्यक शिक्षणाची घडण शेतीच्या आणि लष्कराच्या गरजांतून झाली. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, तेव्हा गुरे आणि घोडे हेच मुख्य रुग्ण होते. आजही अभ्यासक्रमात पशुधनाला मोठे स्थान आहे आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचा विचार करता ते योग्यही आहे. तथापि शहरी फ्लॅटमध्ये कुत्रा घरचे अपत्य बनला. महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्टने उभारलेल्या रुग्णालयासारख्या सुसज्ज सोयी अजून थोड्याच आहेत. बाकी सारा भार गल्लीतील एकट्या डॉक्टरवर. तो दिवसभरात किती जणांना तपासतो हे पाहिले, तर त्याच्या तुटकपणाचा राग येण्याऐवजी कीवच येते. पण पिल्लाच्या पालकाला ती कीव कशी येणार?

‘होलिस्टिक’ म्हणजे समग्र. अवयवाकडे न पाहता संपूर्ण प्राण्याकडे, त्याच्या आहार-विहाराकडे पाहावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सा आणि पालकाप्याच्या नावाने गजचिकित्सा सांगणारी परंपरा या देशात आहे. तीतील काही उपाय आजच्या कसोटीला उतरतातही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाईंच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार केला, तो दूध-उत्पादकांच्या गोठ्यांत वापरून आणि नोंदी ठेवून. असे काम कुत्र्यांच्या आजारांबाबत फारसे झालेले नाही. गाईच्या कासेवर बाहेरून लावलेला लेप उपयोगी पडला म्हणून रक्ताचे जुलाब होणाऱ्या पिल्लाला हळद पाजावी, हे अनुमान शालिहोत्रालाही मान्य झाले नसते! होमिओपॅथीची बाजू तर याहून लंगडी आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले, की या पद्धतीला मान्य पुराव्यांचा आधार नाही, आणि असे उपचार पुराव्यावर आधारित उपचारांना पूरक असावेत, त्यांच्या जागी नव्हेत.

एवढे सांगून थांबलो, तर मात्र अर्धेच चित्र उभे राहील. कारण सिंबाच्या आजारपणाचा दुसरा अध्याय वेगळा आहे.

पार्व्होतून उठल्यावर पाच-सहा महिन्यांनी त्याला खाज सुटली. पंजे चाटून लाल, कान दुखरे, पोटावर पुरळ. दर वेळी एक इंजेक्शन, तीन आठवडे आराम, पुन्हा खाज. इंजेक्शन स्टेरॉइडचे आहे, हे कुटुंबाला चौथ्या खेपेला कळले. अखेर एका पशुवैद्य बाईंनी त्यांना पाऊण तास दिला. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पिसवांचा बंदोबस्त केला, कानातील बुरशीवर औषध दिले, आणि आठ आठवडे एकाच प्रकारचे मांस व भात यांखेरीज काहीही न देण्याचे पथ्य घातले. बिस्कीट नाही, पोळीचा तुकडाही नाही. खाज बरीच उतरली. जुना खुराक एकेक करून परत सुरू केला, तेव्हा कोंबडीने ती उसळते हे लक्षात आले. शेजारीण आजही म्हणते, ‘अखेर होलिस्टिकनेच गुण आला.’ वस्तुतः त्या बाईंनी केले ते शुद्ध पशुवैद्यकच होते, फक्त घाई न करता केलेले.

पर्यायी गोटाच्या काही तक्रारींत तथ्य आहे, हेही मान्य करायला हवे. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी प्रौढ कुत्र्याला दरवर्षी टोचण्याची आपल्याकडील रीत जागतिक मार्गदर्शक तत्त्वांशी जुळत नाही. पिल्लूपणातील मालिका नीट पूर्ण झाली असेल, तर पुढे तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने त्यांची गरज नसते. (रेबीज आणि लेप्टोची गोष्ट निराळी, तेथे सवलत घेऊ नये.) सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला वजन घटविणे, व्यायाम, पाण्यात चालविणे यांनी आराम पडतो, हेही खरे. जुनाट, सावकाश चालणाऱ्या दुखण्यात ‘समग्र’ दृष्टीला वाव आहे. गफलत होते ती हीच दृष्टी तीव्र, तासांच्या हिशेबाने चालणाऱ्या आजाराला लावली जाते तेव्हा.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, या समजाचे काय? गोचिडांवर घरगुती उपाय म्हणून कुत्र्याला लसूण चारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. गोचीड-तापाने ज्याचे रक्त आधीच उतरले आहे, त्याला लसूण देणे म्हणजे रोगाला हातभार लावणे होय. डेंग्यूच्या साथीत माणसांसाठी गाजलेला पपईच्या पानांचा रसही आता कुत्र्यांच्या वाटीत आला आहे. प्लेटलेट घटविणारा एर्लिकिया हा जंतू त्याने मरत नाही, त्याला डॉक्सिसायक्लिनच लागते, तेही साधारण चार आठवडे. बरे वाटले म्हणून आठव्या दिवशी औषध बंद करून रसावर भिस्त ठेवणारे महाभाग कमी नाहीत. टी ट्री तेलाचे थेंब अंगाला चोळल्याने कुत्रे लटपटू लागल्याचे प्रकारही पशुवैद्यांना ठाऊक आहेत.

आहाराच्या क्षेत्रात तर फॅशनच आल्या आहेत. कच्च्या मांसाच्या आहाराचे खूळ ऑस्ट्रेलियातून पसरले. आपल्या उष्ण हवेत, शीतसाखळीची खात्री नसलेल्या बाजारातले कच्चे मांस लहान मुले असलेल्या घरात आणणे म्हणजे साल्मोनेलाला आमंत्रण. ‘धान्यविरहित’ महागड्या खाद्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या जुलैमध्ये हृदयविकाराशी संभाव्य संबंध तपासायला घेतला. तो ठामपणे सिद्ध झाला नाही. पण ते अधिक चांगले असते, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. आपल्याकडील कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाऊन जगली, ही गोष्ट त्या डब्यावर कोण छापणार?

कायदा काय म्हणतो? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यांखेरीज इतरांना हा व्यवसाय करता येत नाही. पण फोनवर ‘मार्गदर्शन’ करणारा, ‘पूरक’ म्हणून बाटल्या विकणारा या व्याख्येतून अलगद निसटतो. काही दगावले, तर जबाबदार कोण, याचे उत्तर मिळत नाही. पशुवैद्याविरुद्ध निदान परिषदेकडे तक्रार तरी करता येते.

त्याहूनही मोठे दुर्लक्ष आजाराच्या उगमाकडे आहे. २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार प्रजननकर्त्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहायचे असेल तर कोणत्याही रविवारी मोबाइलवरील जाहिराती चाळाव्यात. लवकर तोडलेले, जंतांनी पोट फुगलेले पिल्लू लवकर विकले जाते, कारण ते अधिक गोंडस दिसते. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत पोहोचला, तेव्हाही कोणी विचारले नाही, की चपट्या नाकाचा हा जीव मुंबईच्या दमट उन्हाळ्यात श्वास कसा घेणार. त्याचे घोरणे-धापणे हे दुखणे नसून त्याची रचनाच आहे. कोणत्याही काढ्याने नाक लांब होत नाही. दवाखाना आणि ‘होलिस्टिक’ यांच्यातील वाद पालकांच्या दिवाणखान्यात रंगतो. पण त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या तरी दुखण्यांची पेरणी विक्रेत्याच्या शेडमध्ये झालेली असते, असे या सगळ्या धावपळीत वाटत राहिले.

सिंबा आता धडधाकट आहे. पावसाळ्यात कान खाजवतो, तेव्हा शेजारी आधी त्या डॉक्टर बाईंना फोन करतात. ज्या शेडमधून तो आला, तिची जाहिरात मात्र अजूनही मोबाइलवर येत असते. गेल्या वेळच्या छायाचित्रातील पिल्लांना नीट उभेही राहता येत नव्हते. खाली लिहिले होते : वय दोन महिने, एक लस पूर्ण.