विद्यार्थ्यांची सहल आणि पाण्याची वाट

हिवाळा लागला कीं शेतकी, वन व अभियांत्रिकी शाळांतील विद्यार्थ्यांच्या सहली चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांकडे वळतात. एके दिवशीं ताडोब्याचें जंगल, दुसऱ्या दिवशीं आलापल्लीचे जुने साग, आणि जातां जातां भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्दचें धरण पाहून मंडळी परत जाते. अशा सहलींस आमचा विरोध नाहीं. परंतु जंगल निराळें व पाणी निराळें पाहिल्यानें त्या दोहोंचा संबंध दृष्टीआड राहतो. आणि या भागांतील धानाची शेती तर त्याच संबंधावर उभी आहे.

गोंड राजांच्या अमदानीपासून या पट्ट्यांत तलावांची परंपरा आहे, व ते बांधण्यांत कोहळी लोकांचें कौशल्य प्रसिद्धच आहे. जंगलाच्या उतारावरचें पाणी पाळ घालून अडवावें, तुडुमांतून पाटांत सोडावें, आणि एका बांधींतून दुसरींत उतरवीत खालच्या बोडीपर्यंत न्यावें, अशी ही साधी पण विचारपूर्वक केलेली योजना होय. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. तेव्हांपासून त्यांस ‘माजी मालगुजारी’ अथवा ‘मामा’ तलाव म्हणतात. मालकी बदलली, पण पाळ व तुडुम जपण्याची गांवाची जुनी सवयही तिच्याबरोबर क्षीण झाली. आज पुष्कळ तलावांत गाळ सांचला असून कांठावर बेशरम माजली आहे.

दुसरीकडे मोठ्या प्रमाणावर पाणी वळविण्याचे बेत चालू आहेत. गोसीखुर्दची कोनशिला १९८८ सालीं बसली, आणि त्याच्या उजव्या कालव्याचा संबंध आसोलामेंढा या जुन्या तलावाशीं जोडला गेला. वैनगंगेचें पाणी चारशेंहून अधिक किलोमीटर पश्चिमेस बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेण्याच्या योजनेस राज्य सरकारनें २०२४ सालीं मान्यता दिली. सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणानें बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ सालीं सुरू झाला व २०२३ सालीं त्याचे खांब खचले. तत्पूर्वींच अलीकडील शेतकरी आपलीं शेतें बुडत असल्याची तक्रार करीत होते. असल्या कामांचे नकाशे उद्यां आजचेच विद्यार्थी काढणार. नकाशावर कालवा ही एक रेघ असते. त्या रेघेखालीं कोणाचा नाला तुटतो, हें ज्यानें पायीं चालून पाहिलें नाहीं त्यास कसें कळावें?

आमच्या शेतकरी बंधूंसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळें तुलतुली, कारवाफा यांसारखे प्रकल्प रखडले, म्हणून ‘जंगल आहे तोंवर पाणी नाहीं’ असें पुष्कळजण बोलून दाखवितात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तथापि तलावास पाणी पुरविणारा उतार जंगलाचाच असतो. मोहाच्या व तेंदूच्या हंगामांत लावलेल्या आगीनें पालापाचोळा जळाला, म्हणजे पहिल्याच पावसांत उघडी माती वाहून तलावांत बसते. कालवा आला तरी हा गाळ थांबत नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. तत्पूर्वीं कित्येक वर्षें तेथील लोक अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा विचार करीत होते. शाळेबाहेरही अभ्यास होतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक शाळेनें एकच नाला निवडावा आणि जंगलांतील त्याच्या उगमापासून शेवटच्या बांधीपर्यंत विद्यार्थ्यांस पायीं न्यावें. एकदां वैशाखांत व एकदां भाद्रपदांत. वैशाखांत ऊन कडक व परीक्षा जवळ, ही अडचण खरी. परंतु गाळ व भेगा उन्हाळ्यांतच दिसतात, म्हणून पहाटेचे चार तास चालून दुपारीं सावलींत टिपणें करावीं. तलावाच्या कोरड्या पोटांत खड्डा घेऊन गाळाची जाडी मोजावी, पाळ कोठें पाझरते तें पाहावें, आणि तुडूम उघडल्यापासून शेवटच्या शेतांत पाणी पोंचण्यास किती वेळ लागतो याची नोंद ठेवावी. त्या शेवटच्या शेतकऱ्यास मुद्दाम भेटावें. पाण्याच्या वांटणीचा खरा हिशेब त्याच्याजवळ असतो.

आणि या सर्वांचा अहवाल महिन्याच्या आंत मराठींत लिहून त्याच गांवच्या ग्रामसभेपुढें वाचावा. शाळेच्या कपाटांत पडलेल्या अहवालानें गांवचें कांहींच हित होत नाहीं. ग्रामसभेंत वाचला गेला, तर गाळ काढण्याची मागणी करतांना गांवाच्या हातीं निदान आंकडे तरी राहतील.

या कामीं शेतकरी संघांनींही आपला वांटा उचलावा. विद्यार्थ्यांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय गांवांत करावी, आणि ज्यानें आयुष्यभर पाटाचें पाणी वांटलें असा एखादा वृद्ध त्यांच्याबरोबर द्यावा. असे जाणते दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचें ज्ञान टिपून घेण्याचें काम पुढच्या वर्षावर टाकणें आम्हांस परवडणारें नाहीं.