स्मार्ट शहराच्या नकाशात दीक्षाभूमीवरचा माणूस कुठे?

25 जून 2015 ला 100 शहरांसाठी सुरू झालेलं स्मार्ट सिटी मिशन 31 मार्च 2025 ला संपलं. नागपूर त्यातलंच एक. शहर कुणासाठी आखायचं, हा प्रश्न मात्र संपलेला नाही.

दीक्षाभूमीचं उदाहरण घ्या. तिथलं भूमिगत पार्किंग स्मार्ट सिटीचं काम नव्हतं, पण आखणाऱ्यांची नजर तीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपला माणूस रेल्वेने, एसटीने, कित्येकदा पायी येतो. त्याला पाठ टेकायला जागा हवी, पाणी हवं, स्वच्छ संडास हवेत, भोजनदानाच्या रांगेला सावली हवी. आणि पुस्तकांच्या स्टॉलपुढे निवांत उभं राहता यायला हवं, कारण मजुरीतले पैसे राखून तो इथून पुस्तकं घेऊन जातो. आपली संस्कृती ही आहे. उड्डाणपुलाखाली रंगवलेली चित्रं नव्हेत (ती असायलाही हरकत नाही). आराखड्यात मात्र आधी आली गाडी.

खोदकामाने स्तूपाला धोका पोहोचेल, ही भीती होतीच. 1 जुलै 2024 ला संताप उसळला, तोडफोड-जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर झाली. जे बैठकीत ऐकता आलं असतं, ते आगीनंतर ऐकलं गेलं.

आपणही स्वतःला विचारू. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. त्या मुदतीत आपल्या विहारांतून किती अर्ज जातात?