बचत खात्याचं व्याज : दीड टक्का जास्त, पण मुद्दल कुठे सुरक्षित?

जून 2025 मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. पोस्टात मात्र 4 टक्केच राहिले, वर सरकारची हमी. लाखामागे वर्षाला दीड हजाराचा फरक! व्याज घ्यायचं की नाही, हा आपल्यात ज्याच्या त्याच्या ईमानाचा सवाल. पण घेणाऱ्याने निदान नीट चौकशी करावी. स्मॉल फायनान्स बँकांचे चढे दर बहुतेकदा मोठ्या शिलकेलाच लागू असतात, जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं. बँक बुडाली तर विमा 5 लाखांपर्यंतच. पतसंस्थेत तोही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला स्वतःचेच फक्त 1,000 रुपये काढता येत होते.