विश्लेषण : बीडच्या बाजारात बसायला जागा कुणाला?

बीडमध्ये ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. येथे हॉटेलात मुक्काम करायचा नसतो. लाकडी बाकडे, दारातच भज्यांची कढई, बशीत सुशीला नाही तर पोहे, कट चहा आणि चौघांनी पाने वाटून घेतलेले एकच वर्तमानपत्र, म्हणजे हॉटेल. गेल्या काही वर्षांत या हॉटेलांच्या शेजारी वेगळ्या पाट्या लागल्या. कुठे पितळी किटलीचे चित्र असलेले ‘अमृततुल्य’, कुठे काळ्या काचेचा ‘कॅफे’, कुठे वातानुकूलित ‘फॅमिली रेस्टॉरंट’. पुण्यातला एखादा इराणी बंद झाला की दैनिकांत हळहळीचे लेख येतात. जिल्ह्याच्या गावातले जुने हॉटेल बंद झाले तर शेजारच्या दुकानदाराखेरीज कुणाला पत्ता लागत नाही. आपल्या रस्त्यांवर चाललेला हा बदल कोल्ड कॉफी चांगली की कट चहा, एवढ्यावर मोजता येणार नाही. बाजारात आलेल्या माणसाला टेकायला जागा कुठे मिळते, किती वेळ मिळते आणि ती कुणाला मिळत नाही, हे पाहिले पाहिजे.

नवी दुकाने कुणाच्या पैशावर चालतात?

२०११ च्या जनगणनेनुसार बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजार ७०९, तर जिल्ह्याची २५ लाखांहून अधिक. म्हणजे हा बाजार शहराचा कमी आणि अकरा तालुक्यांतल्या खेड्यांचा जास्त. त्याची वर्षाची चाल ठरलेली असते. सोयाबीन, तूर, कापूस विकला की एक भर. दुसरी भर उचलीची. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ रक्कम देतो. त्यातला काही भाग देणी फेडण्यात जातो, उरलेला दसरा-दिवाळीच्या बाजारात किराणा, कपडे, भांडी यांवर खर्च होतो. मग गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वस्त्या ओस पडतात. जुन्या दुकानदाराने आपली उधारीची वही या पंचांगावर बेतलेली असते.

चहाच्या ब्रँडला किंवा कॅफेला हे परवडत नाही. त्यांना बारा महिने, रोज गिऱ्हाईक लागते. ते गिऱ्हाईक नोकरदाराचे, दवाखान्यात आलेल्या नातेवाइकाचे, ठेकेदाराचे आणि सगळ्यांत जास्त शिकवणीला आलेल्या मुलामुलींचे. खासगी क्लास, अभ्यासिका, महाविद्यालय आणि दवाखाने जिथे, तिथेच नव्या पाट्या दाट होतात. जुना बाजार मोंढ्याभोवती आणि वेशींच्या आत वाढला. नव्याला मात्र गाडी लावायला जागा असलेला रुंद रस्ता हवा असतो.

यात पुण्याचा हातभार मोठा आहे. स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत, नवी पेठेत जाऊन राहिलेल्या मुलांत बीड जिल्ह्यातली मुले कायम भरपूर असतात. त्यांतली बहुतेक अधिकारी होत नाहीत, हे सांगायला आकडे नकोत. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असले की उत्तर उघडच असते. चार-पाच वर्षांनी परतलेल्या मुलाकडे शेत कमी, नोकरी नाही आणि वडिलांनी जमवलेले थोडे भांडवल असते. तीन-चार लाखांत, पाच-सात लाखांत काय होते, याचा शोध सुरू होतो आणि चहाच्या फ्रँचायझीची जाहिरात समोर येते.

अमृततुल्य ही मुळात पुण्यात स्थिरावलेल्या राजस्थानी कुटुंबांची परंपरा. वेलची-आल्याचा दाट चहा, पितळी भांडी आणि बहुधा देवाचे नाव असलेली पाटी. तिचे अलीकडे ब्रँड झाले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. व्यवहार सोपा दिसतो. एकरकमी शुल्क द्यायचे, सजावट त्यांच्या सांगण्यानुसार करायची, चहाची पूड किंवा मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा. तोटा झाला तर तो चालवणाऱ्याचा. कंपनीचे शुल्क आधीच वसूल झालेले असते. म्हणून एखादी पाटी वर्षभरात उतरलेली दिसली की ‘मुलाला धंदा जमला नाही’ एवढ्यावर सोडू नये. एका गावात किती शाखा द्यायच्या, दोन शाखांत अंतर किती ठेवायचे, हे करारात लिहून घेतले होते का, हा प्रश्न आधी विचारावा. शाखा देणाऱ्याला प्रत्येक नवी शाखा म्हणजे नवे शुल्क असते. चालवणाऱ्याला तीच शाखा म्हणजे शेजारचा स्पर्धक.

गाळ्याचे भाडे कसे बदलते?

जुने हॉटेल दोन रुपये स्वस्त चहा देऊन टिकते, यामागे मालकाच्या चांगुलपणाइतकाच भाड्याचाही वाटा आहे. मराठवाड्यात निजामी राजवटीनंतर १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. हा कायदा लागू असलेल्या जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे. तो प्रमाणित भाडे आणि वर्षाला चार टक्क्यांची परवानगी असलेली वाढ देत राहिला, तर ठरावीक कारणांशिवाय त्याला उठवता येत नाही. त्यामुळे आजोबांच्या काळातला गाळा नातवाला आजही अगदी कमी भाड्यात पडू शकतो.

इमारत पाडून नवे संकुल उभे राहिले की चित्र पालटते. नवे गाळे लिव्ह अँड लायसन्स करारावर दिले जातात. मुदत संपली की गाळा सोडायचा किंवा मालक म्हणेल ती वाढ द्यायची. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. प्रत्यक्षात स्टॅम्प पेपरवर सह्या करून वेळ मारून नेण्याची सवय गावोगावी आहे, आणि वाद झाला की तिची किंमत कळते. दहा रुपयांच्या चहावर तासभर बसणारा म्हातारा नव्या भाड्यात बसवता येत नाही. म्हणून ब्रँडच्या दुकानात बाकडेच नसते. चहा उभ्याने घ्यायचा, कप टाकायचा आणि निघायचे. कॅफेत खुर्ची असते, पण तिचे भाडे कोल्ड कॉफीच्या बिलात असते.

गेवराईहून किंवा पाटोद्याहून एसटीने आलेल्या शेतकऱ्याचा दिवस पाहा. तहसीलमधले काम जेवणानंतर होईल असे सांगितले जाते, औषध दुकानात उशीर लागतो, परतीची गाडी चारला असते. मधले दोन-तीन तास जुन्या हॉटेलच्या बाकड्यावर किंवा आडत्याच्या ओट्यावर निघत. ओटा पडला, बाकडे गेले, आता तो बसतो कुठे? बसस्थानकात, नाही तर बंद दुकानाच्या पायरीवर.

जुने हॉटेल सगळ्यांचे होते का?

नव्हते, आणि हळहळ करताना हे विसरले जाते. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हॉटेलातली कपबशी कुणासाठी वेगळी ठेवली जात होती, हे सांगणारी पिढी अजून हयात आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख उगाच आलेला नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवता येणार नाही, असे तो सांगतो. यातला ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेतल्या चर्चेत स्पष्ट केले होते. चहाचे दुकान हा आपल्याकडे घटनात्मक विषय आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

जिल्ह्याला याची अलीकडेही आठवण झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमुक समाजाच्या दुकानातून खरेदी करू नका, चहा पिऊ नका, अशी आवाहने जिल्ह्यात झाली आणि पोलिसांना लक्ष घालावे लागले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शहरात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. अशा काळात कुणाच्या हॉटेलात बसायचे हा साधा प्रश्न राहत नाही. फ्रँचायझीचा एक अनपेक्षित गुण इथे दिसतो. पाटीवर आडनाव असले तरी ते पुण्याचे असते आणि इथल्या भांडणात ते कुठल्याच बाजूचे नसते. अर्थात ही तटस्थता वरवरची आहे. गल्ल्यावर कोण बसतो, हे दोन दिवसांत सगळ्या गावाला कळते.

दुसरी बाजू बायकांची. जुन्या हॉटेलात बाई एकटी बसलेली कुणी पाहिली? फार तर कोपऱ्यात पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’, आणि तीही नवरा किंवा भाऊ सोबत असेल तर. मुंबईतल्या सार्वजनिक जागांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिले. बाईला घराबाहेर असण्यासाठी नेहमी काहीतरी काम दाखवावे लागते, नुसते रेंगाळण्याची मुभा तिला नसते, हा त्याचा गाभा. मुंबईत हे खरे असेल तर बीडमध्ये ते दुपटीने खरे आहे. क्लास सुटल्यावर चार मैत्रिणी अर्धा तास गप्पा मारत बसतात अशी गावातली पहिली जागा या मुलींना कॅफेने दिली. ती महाग आहे, सगळ्यांना परवडणारी नाही, तरीही ती आधी नव्हती.

मग कॅफेंवर धाडी का पडतात?

कारण काही कॅफेंनी बसण्याची जागा विकण्याऐवजी आडोसा विकायला सुरुवात केली. प्लायवूडचे छोटे कप्पे, पडदे, अंधार आणि तासावर दर. यातून अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी राज्यात आल्या आहेत. सांगलीत मे २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणानंतर जमावाने कॅफेची तोडफोड केली. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर अशा शहरांत पोलीस कॅफेंवर कारवाया करत आले आहेत. गुन्हा गंभीर आहे, आणि त्याबद्दल नरमाई नको.

पण धाडीच्या पद्धतीने होते काय? मुलामुलींना बाहेर काढायचे, पालकांना बोलवायचे, फोटो समाजमाध्यमांवर फिरू द्यायचे. आडोसा विकणारा मालक आठवड्याने दुसऱ्या नावाने दुकान उघडतो. त्या दिवशी उघड्या टेबलावर बसलेल्या मुलीचा मात्र क्लास बंद होतो, काही घरांत तर लग्नाची बोलणी सुरू होतात. बालविवाहांसाठी वारंवार चर्चेत येणाऱ्या जिल्ह्यात हा धोका किरकोळ समजू नये. उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडणारे आहेत. कप्पा नको, पार्टिशन बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या वर नको, उजेड पुरेसा हवा, दर्शनी बाजू पारदर्शक हवी. ‘कॅफे’ असा वेगळा परवाना नसतो. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना असतो, आणि २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ माहिती कळवण्याची सवलत दिली. त्यामुळे आतल्या रचनेच्या अटी स्थानिक पातळीवर घालून त्या दुकान उघडतानाच तपासाव्या लागतील.

हातगाड्यांचा हिशेब कुठे आहे?

नवे दुकान आले की त्याच्यासमोरची गाडी हलते. कधी नगरपरिषद हलवते, बहुतेकदा दुकानदारच ‘जरा पुढे लाव’ म्हणतो. कायदा असे म्हणत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण करायचे, पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचे आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचे नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेण्याचा निकषही त्यात आहे. बीडच्या २०११ च्या लोकसंख्येला तो लावला तर आकडा साडेतीन हजारांच्या पुढे जातो. भजी, उसाचा रस, हंगामात बालाघाटातली सीताफळे विकणारे हे लोक. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला रस्त्यावर हक्काची चार फूट जागा मिळत नाही.

दीर्घ प्रशासकराजानंतर राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. निवडून आलेल्यांपुढे पुतळे, कमानी आणि गाळ्यांचे लिलाव हे विषय येतीलच. त्यांच्या यादीत विक्री क्षेत्रांचा नकाशा, बाजारपेठेत बायकांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि सावलीत बसायचे बाक हेही असले पाहिजेत. बाकाला भाडे मिळत नाही, म्हणूनच तो खासगी दुकानदार कधी ठेवणार नाही.

रेल्वे स्थानकाच्या रस्त्यावर अजून वेळ गेलेली नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. कित्येक दशकांची मागणी पुरी झाली. पुढे परळीपर्यंतचा मार्ग जोडला गेला की स्थानकाचा रस्ता शहराचा नवा बाजार होईल. तिथे ब्रँडचा चहा येईल, कॅफे येईल, भोजनालये येतील, जागेचे भाव वाढतील. गाड्यांसाठीच्या जागा, पदपथाची रुंदी, बाक आणि झाडे आज नकाशात आखली तर त्यासाठी कुणाला उठवावे लागणार नाही. पहिला गाळा उघडल्यावर यातली प्रत्येक गोष्ट अतिक्रमण हटाव पथकाच्या गाडीबरोबर येईल.