घरामागची शेड आणि अर्थिंग

नंदुरबार, शहादा, तळोदा या गावांतील अनेक व्यापारी कुटुंबांच्या घरामागे अंगणापलीकडे पत्र्याची एक स्वतंत्र शेड असते. तिच्यात मोटार उभी राहते आणि मिरचीच्या हंगामात पोतीही रचली जातात. या शेडला वीज नेताना बहुधा घरातील एखाद्या सॉकेटमधून दोन तारा काढून भिंतीवरून पलीकडे पोहोचविल्या जातात. दिवा लागला की काम पूर्ण झाले असे मानले जाते. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार मात्र घरातच राहते.

उंदराने कुरतडलेली तार पत्र्याला टेकली तर संपूर्ण शेड विद्युतभारित होते. दिवा तसाच जळत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी शटर उचलणारा चालक, पोती वाहणारा हमाल किंवा चेंडू आणायला धावलेले मूल यांपैकी ज्याचा हात प्रथम लागेल, त्याच्यावर आघात होतो.

यावर शेडजवळ खड्डा खणून अर्थिंग केले की पुरे, असा सार्वत्रिक समज आहे. साधे गणित तो समज खोडून काढते. खड्ड्याचा रोध ५ ओहम इतका चांगला धरला, तरी २३० व्होल्टवर जमिनीत जाणारी विद्युतधारा फार तर ४६ अँपिअर होते. शेडसाठी ३२ अँपिअरचा ‘सी’ वर्गाचा एमसीबी बसविला असेल, तर तो तत्काळ पडण्यासाठी किमान १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तासभरही तसाच राहू शकतो. तोवर पत्रा विद्युतभारितच असतो.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक ठरतो. गेलेली आणि परतलेली विद्युतधारा यांत एवढाही फरक पडला, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. खड्ड्याचा रोध १०० ओहम असला तरी २.३ अँपिअर गळती होते आणि त्याला तेवढी कितीतरी पुरेशी असते. परंतु अर्थिंगची तारच नसेल, तर गळतीला पहिली वाट माणसाच्या देहातून मिळते. म्हणून या दोहोंपैकी एकावर भागत नाही. आरसीसीबी घराकडील बोर्डावर बसविल्यास मधल्या केबलचेही रक्षण होते.

जमिनीचाही विचार हवा. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि तिचा रोध वाढतो. पावसाळ्यात मोजलेला आकडा वैशाखात खरा राहत नाही. रोध मे महिन्यात मोजावा. अर्थिंगची नळी सुमारे अडीच मीटर खोल, ओलावा टिकतो तेथपर्यंत न्यावी.

घर आणि शेड यांमध्ये आर्मर्ड केबल जमिनीखाली ७५ सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा रचून टाकावी. तिच्यासोबत अर्थिंगची अखंड तार असावी. ती तार, केबलचे कवच, शेडचा सांगाडा आणि खड्ड्यातील नळी ही सर्व एकत्र जोडलेली असावीत. न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडण्याची चाल मात्र घातक आहे, कारण वाटेत न्यूट्रल तुटला की शेडमधील प्रत्येक धातूची वस्तू जिवंत तारेसारखी होते.

व्यापाऱ्याने आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. घरगुती जोडणीवरून विक्रीच्या मालाच्या गोदामाला वीज देणे, हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो व तसे ठरल्यास त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शेडमध्ये केवळ कुटुंबाची मोटार असेल तर प्रश्न वेगळा. पोती ठेवायची असतील तर महावितरणकडे स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज करणे श्रेयस्कर.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि रोधाचा मोजलेला आकडा त्याच्याकडून लेखी मागावा. त्यानंतर घरच्यांकडे एकच काम उरते. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. पुरवठा तुटला नाही, तर तो आरसीसीबी त्याच दिवशी बदलावा.